वर्ग तुझे, नाव जावेचं

प्रिय मैत्रिणी,

तू सातारा जिल्ह्यातल्या अनुदानित शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवतेस. मिस्टरांचा पगार दोन-दोन महिने लांबतो, घराचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला कापला जातो. म्हणून दिवाळीपासून संध्याकाळी सात ते नऊ मोबाइलवर शिकवण्या घेतेस. 22 मुलं, प्रत्येकी 600 रुपये. जाहिरात जावेच्या नावाने, फी तिच्याच खात्यावर. आता तुझ्याच वर्गातल्या एका मुलाची आई ‘आमच्यालाही घ्या’ म्हणून मागे लागलीय, स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झालीय, जाऊ पैसे देताना हात आखडता घेतेय आणि तुझी झोप उडालीय. ‘ताई, बंद करू की चालू ठेवू?’ असं विचारलंस.

बंद कर. हा महिना संपला की लगेच. पुढची फी कुणी आगाऊ दिली असेल तर परत कर.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 28 सांगतं की शिक्षकाने खासगी शिकवणी किंवा खासगी अध्यापन करायचं नाही. मुलं घरी येऊन बसतात की स्क्रीनवर, असा फरक त्यात केलेला नाही. मिस्टर म्हणतात, सगळेच करतात. करत असतील, पण नोटीस निघाली तर तिच्यावर तुझं नाव असेल आणि महिन्याच्या 13,200 रुपयांपायी कायमची नोकरी पणाला लागेल. तू वर्गात हात राखून शिकवत नाहीस, याची मला पत्र वाचूनच खात्री पटली. तरीही तुझ्या वर्गातल्या मुलाची फी तू घेतलीस, तर बाकीच्या पालकांना तसंच वाटेल, आणि त्यांना दोष देता येणार नाही. त्या आईला सांग, मुलाला कुठे अडतंय ते मी शाळेतच बघते. आणि खरंच बघ, एक पैसा न घेता.

आता जावेचं. तिच्या वागण्याचं तुला वाईट वाटलंय, ते समजतं. पण तिच्या बाजूनेही बघ ना. खातं तिचं, पॅन तिचा, आयकर खात्याने विचारलं तर उत्तर तिलाच द्यायचंय. मिळकत तुझी आणि कागदावर तिची, अशा व्यवहारात हिशोब मागायची सोय तुला नाही आणि नाही म्हणायची सोय तिला नाही. दोघी समोरासमोर बसा, आजवर किती आले, किती दिले ते वहीत मांडा आणि मिटवून टाका.

तू ओघात लिहिलंयस की ती बी.एस्सी. आहे आणि लग्नाआधी एका क्लासमध्ये शिकवायची. मग तिलाच शिकवू दे की! ती कुठल्या शाळेत शिक्षिका नाही, तिला ही आडकाठी नाही. मुलांचंही मध्येच तुटणार नाही. मात्र मग वर्ग तिचे आणि पैसेही तिचे. ‘आजचा एक तास तू घे’ असं ती म्हणाली, तरी नाही म्हणायचं.

तुझ्यासाठी दुसरी वाट आहे, जरा सावकाशीची. इंग्रजीतला विज्ञानाचा मजकूर सोप्या मराठीत आणणं, प्रकाशकांसाठी स्वाध्याय आणि प्रश्नसंच लिहिणं, ही कामं घरून होतात आणि तुझ्या अंगात आहेत. सुरुवात करण्याआधी मुख्याध्यापकांमार्फत संस्थेकडे लेखी अर्ज दे: काम कोणतं, शाळेच्या वेळेबाहेर किती तास, मोबदला मिळणार आहे का. ‘करा हो बाई, कोण बघतंय’ या तोंडी परवानगीवर विसंबू नकोस; अर्जाची पोच घे आणि लेखी होकार येईपर्यंत थांब. मिळालेला मोबदला आपल्याच खात्यात घे आणि विवरणपत्रात दाखव.

यूट्यूब चॅनेलचं विचारलंस. त्यालाही आधी परवानगी हवीच. शिवाय जाहिरातींतला वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि नेहमीच्या व्हिडिओंवर वर्षभरात 4,000 तासांचं बघणं लागतं. हप्ता त्याच्या भरवशावर धरू नकोस. आणि ‘घरबसल्या कमाई’ शोधायला लागलीस की व्हिडिओ लाइक करण्याचे पैसे देणारे मेसेज येतील. ते आधी शे-दोनशे देतात आणि मग ‘टास्क’साठी तुझ्याकडूनच हजारो भरून घेतात. उत्तरच देऊ नकोस. कुणी फसलंच, तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा.

राहिला हप्ता, आणि खरं दुखणं तेच आहे. बँकेत जाऊन कर्जाची मुदत वाढवून हप्ता कमी होतो का, ते विचार. एकूण व्याज जास्त जाईल, ते किती हे लिहून घे. एखादा हप्ता चुकायच्या आत जा, आणि मिस्टरांना बरोबर ने. त्यांच्या लांबलेल्या पगाराबद्दल साहेबांशी त्यांनीच बोलायचंय, तू नाही.

तुझी,
ताई