सासूबाईंचे ‘आठ’

प्रश्न : सासूबाईंच्या (वय 68) गुडघ्याची झीज झाली आहे. फिजिओथेरपीला नेलं की दरवेळी विचारतात, “शून्य ते दहापैकी किती दुखतं?” दीड महिना झाला, त्या “आठ”च सांगतात. या आकड्याला काही अर्थ आहे का?
– एक सून, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आहे, पण नीट विचारला तर. शून्य म्हणजे दुखतच नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखणं मनातही आणवत नाही. दुखण्याचा थर्मामीटर नसतो, माणूस सांगेल तेच माप. म्हणून सासूबाईंचे आठ शेजारणीच्या आठाशी ताडू नका, आणि “आई, एवढं कुठं दुखतं?” असं तर चुकूनही म्हणू नका.

माझ्याकडे इतवारीतले एक काका यायचे, खांदा आखडलेला. “आत्ता किती?” “दोन, ताई.” तीन आठवडे मी दोन लिहीत गेले आणि व्यायाम वाढवत गेले. एक दिवस काकू सोबत आल्या. “दोन काय सांगून राहिले जी? रात्री उठून बसता अन् हात धरून येरझारा घालता!” हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसलेल्या माणसाला मी “आत्ता” विचारत होते, तेव्हा दोनच असणार. रात्रीचं मी विचारलंच नव्हतं. चूक माझी होती, त्रास काकांनी काढला.

तेव्हापासून मी तीन आकडे विचारते : बसल्या जागी, हालचाल करताना, रात्री. दुखणं कसलं तेही विचारते. ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या. पायाला मुंग्या म्हटलं की मी गुडघ्यासोबत कंबरही तपासते.

तुम्ही घरी एक वही करा. जिना उतरताना किती, पाटावरून उठताना किती, टेकडी गणपतीला जाऊन आल्यावर किती. आठाचे सात झाले तर लगेच हुरळू नका, दोननं उतरलं तर खरा फरक धरतात. आणि आकडा आठच असला, पण पूर्वी कठडा धरून एकेक पायरी उतरणाऱ्या सासूबाई आता सरळ उतरत असतील, तर तेही वहीत लिहा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. गुडघा लाल, गरम होऊन सुजला किंवा सोबत ताप आला, तर मात्र आकडा विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

त्यांना दहाचं माप जमतच नसेल तर विचारा, “आई, रुपयात किती आणे आराम आहे?” माझ्याकडच्या आज्या याचं उत्तर पटकन देतात.