क्रॉइत्सबर्गचा रविवार, भाड्यासकट

तू विचारलंस ते आधी इथं लिहून काढते, म्हणजे माझं उत्तर भरकटणार नाही. बर्लिनची नोकरी पक्की झाली आहे, मार्चमध्ये तू आणि तुझी बायको येताय, आणि घर तिथल्या क्रॉइत्सबर्ग भागातच हवं आहे. कारण तिथं कालव्याच्या काठी माणसं पाय सोडून बसलेली असतात, दुपारी दोनला न्याहारी चाललेली असते, भिंतींवर चित्रं असतात. "अक्का, इथं बेळगावात टिळकवाडीत रविवारसुद्धा लग्न, वास्तुशांत आणि फर्स्ट गेटच्या ट्रॅफिकात जातो. तिथं तरी निवांत जगता येईल की नाही?"

येईल की. पण तो निवांतपणा कशावर उभा आहे ते ऐकून घे आणि मग घर शोध.

मी आले 2012 साली. बेळगावच्या शहापूरमधल्या मागवाल्यांच्या घरातली मी. आमच्या घरी सुट्टी अमावस्येला, रविवारचं कौतुक कुणाला नव्हतं. माग चालू असताना आम्ही गाढ झोपायचो, आणि वीज जाऊन खटखट थांबली की सगळं घर जागं व्हायचं. अशा घरातली पोर बर्लिनमध्ये शनिवारी रात्री उतरली. सकाळी दूध-पाव आणायला बाहेर पडले तर अख्खा रस्ता बंद! मला वाटलं, कुणी मोठा पुढारी गेला. दिवसभर आईनं दिलेला चिवडा आणि नळाचं पाणी. नंतर कळलं की रविवारच्या दुकानबंदीचं मूळ इथं संविधानातच आहे. 1919 च्या वायमार संविधानातलं रविवारच्या विश्रांतीचं कलम 1949 च्या संविधानात तसंच उचललं गेलं. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली काही दुकानं तेवढी उघडी असतात. कोपऱ्यावरची रात्री उशिरापर्यंत चालणारी छोटी दुकानं, त्यांना 'श्पेटी' म्हणतात, कायद्यानं बघायला गेलं तर त्यांनीही रविवारी बंद ठेवायला हवं. तरी पुष्कळ उघडी असतात. एवढी जर्मन शिस्त, पण बिअरपुढं थोडी वाकते.

दुसरा धडा ड्रिलचा. गणपतीसाठी भिंतीवर फळी बसवायची होती, वेळ रविवारीच मिळाला. दोन भोकं पडली नसतील तोवर वरच्या मजल्यावरच्या आजी दारात. ओरडल्या नाहीत. घड्याळ दाखवलं, कॅलेंडर दाखवलं, आणि गेल्या. त्या वर्षी गणपती पुस्तकांच्या खोक्यावर बसला. रविवारी ड्रिल नाही, गवत कापायचं यंत्र नाही, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो. आळस करायचाच असं सरकारनं ठरवून दिलेलं असलं की माणूस आधी चिडतो आणि दोन-तीन वर्षांनी त्याला तेच आवडायला लागतं. माझं तसंच झालं.

आता तुझ्या कालव्याविषयी. लांडवेअर कालवा म्हणतात त्याला. त्यावरच्या आडमिराल पुलावर उन्हाळ्यात संध्याकाळी माणसं दगडी फरसबंदीवरच बसतात. कुणी गिटार घेऊन, कुणी पिझ्झाचा खोका उघडून, कुणी नुसतंच. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, उठावंसं वाटत नाही. जाताना रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही, डब्याशेजारी उभी ठेवायची. बिअरच्या बाटलीचे 8 सेंट आणि बहुतेक प्लॅस्टिक बाटल्यांचे 25 सेंट दुकानात परत मिळतात. त्या गोळा करून दिवस काढणारी माणसं आहेत, त्यांना डब्यात हात घालावा लागू नये म्हणून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, किती समंजस शहर! मग एका रविवारी बाटल्या गोळा करणाऱ्या म्हातारबाबांकडं नीट पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले बूट. आपण आळसात बसलोय आणि आपल्याभोवती कुणाचीतरी ड्यूटी चालू आहे, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

आणि तू पाहिलेले सगळे व्हिडिओ जूनचे आहेत. डिसेंबरात चारच्या आत सूर्य बुडतो. तेव्हाचा निवांतपणा म्हणजे खिडकीपाशी चहा आणि आईला व्हिडिओ कॉल. तोही वाईट नाही, पण त्याला कालवा लागत नाही.

हा भाग असा झाला कसा, ते थोडक्यात सांगते. 1961 ते 1989 पर्यंत क्रॉइत्सबर्गच्या पूर्वेकडच्या तुकड्याला तीन बाजूंनी पूर्व आणि पश्चिम बर्लिन तोडणारी भिंत होती. रस्ते भिंतीला जाऊन थांबायचे. पैसेवाल्यांना असला कोपरा नको होता, म्हणून भाडी कमी. पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानाशी केलेल्या 1961 च्या करारानंतर तिथून कामगार आले, त्यांना परवडणारी घरं इथंच मिळाली. पश्चिम बर्लिनच्या रहिवाशांना सक्तीची लष्करी सेवा नव्हती, म्हणून ती टाळणारी पोरं आली. विद्यार्थी, चित्रकार, रिकाम्या इमारतींत घुसून राहणारे, सगळे आले. आठवड्यात दोन-तीन दिवस काम करून भागत असेल तर बाकीचे दिवस कविता करता येतात, पुलावर बसता येतं. लोक याला या वस्तीचा स्वभाव म्हणतात. माझ्या मते तो भाड्याचा स्वभाव होता. भिंत पडली, शहराचा कोपरा एका रात्रीत शहराच्या मध्यावर आला, आणि पुढच्या वर्षांत भाडं चढत गेलं तसा स्वभाव पातळ होत गेला. पुलावर बसणारे अजून आहेत, पण त्यातले बरेच सोमवारी सकाळी नऊला माझ्यासारखेच लॅपटॉप उघडतात.

आमच्या इमारतीच्या खाली एक तुर्की शिंपीकाका होते, पँट आखूड करणारे, चेन बदलणारे. मी आईची शहापुरी साडी फॉल लावायला नेली, तेव्हा त्यांनी पदर दोन बोटांत धरून उलटा केला, मागची वीण बघितली आणि म्हणाले, "हातमाग?" तेवढ्या एका शब्दावर आमची ओळख जमली. मंगळवारी आणि शुक्रवारी कालव्याकाठच्या मायबाखउफर रस्त्यावर तुर्की बाजार भरतो, तिथं कापडाच्या गाड्यांवर चांगला माल कुठला, हे त्यांनीच शिकवलं. त्यांचा भाडेकरार संपला, मालकानं नवा दिला तो त्यांना झेपणारा नव्हता. इथं राहत्या घराच्या भाड्याला कायद्याचं थोडंफार संरक्षण आहे, दुकानाच्या गाळ्याला तसं नाही. आता तिथं कॉफीचं दुकान आहे. कॉफी उत्तम असते, मी पिते, आणि पिताना दर वेळी भिंतीवर शिलाई मशीनच्या पट्ट्याची काळी रेघ कुठं होती ते शोधते. कॉफीवाल्यांनी ती रंगवून टाकली आहे.

तुला हे नवीन नाही. टिळकवाडीतले पेरूच्या झाडांचे बंगले जाऊन अपार्टमेंट झाले तेव्हा आपणच म्हणायचो की पुण्या-बेंगळुरूच्या पगाराचे लोक आले. इथं ते पगाराचे लोक म्हणजे तू आणि मी. याची लाज बाळग असं मी सांगत नाही, पण घर बघायला रांगेत उभा राहशील तेव्हा तुझ्या पुढं-मागं त्याच गल्लीत जन्मलेलं कुणीतरी असेल, एवढं ध्यानात ठेव.

आता कामाचं. मी आले तेव्हा दोन खोल्यांना 520 युरो भाडं होतं, गरम पाणी आणि हीटिंग वेगळं. माझ्या शेजारच्या तेवढ्याच घरात गेल्या वर्षी आलेलं जोडपं याच्या दुपटीहून जास्त देतं. कारण जुन्या कराराचं भाडं बर्लिनमध्ये तीन वर्षांत 15 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, म्हणून जुना भाडेकरू जागचा हलत नाही. लोकांना नोकरी बदलते, नवरा बदलतो, घर बदलत नाही. नव्या करारांसाठी 2015 पासून भाडेलगाम आहे, म्हणजे भाडं किती मागायचं याला कायद्याची मर्यादा, पण त्याला पळवाटा आहेत. फर्निचरसकट आणि ठराविक महिन्यांसाठी म्हणून जी घरं दिसतील ती बहुतेक त्याच वाटेनं आलेली. बर्लिन हे शहर स्वतःच एक राज्य आहे. 2020 मध्ये त्यानं स्वतःचा कडक कायदा करून भाडी गोठवली, एप्रिल 2021 मध्ये संविधान न्यायालयानं तो रद्द केला, कारण हा विषय राज्याच्या अखत्यारीत नाही. केंद्र आणि राज्याच्या अधिकाराच्या भांडणात सामान्य माणूस लटकतो, हे सीमाभागातल्या माणसाला मी काय समजावणार! त्याच वर्षी सप्टेंबरात 3,000 हून जास्त घरं असलेल्या कंपन्यांची घरं सार्वजनिक मालकीची करावीत यावर जनमत झालं, 57 टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणाले. कंपन्यांची घरं अजून कंपन्यांकडंच आहेत.

घर न बघता कुणालाही पैसे पाठवू नकोस. "मी परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरनं येईल" असली मेल आली की ती फसवणूक समज. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तीन महिन्यांहून जास्त कायद्यानं मागता येत नाही. राहायला गेल्यापासून 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि तिला घरमालकाचं पत्र लागतं. ते पत्र देणार नाही म्हणणाऱ्याचं घर कितीही स्वस्त असलं तरी सोड, कारण नोंदणीवर टॅक्सचा नंबर आणि पुढचं सगळं अडतं.

माझा सल्ला विचारशील तर क्रॉइत्सबर्गमध्ये घर शोधूच नकोस. वेडिंग बघ, मोआबिट बघ, लिश्टेनबर्ग बघ. तिथंही भाडी चढलीत, पण नव्या माणसाला जरा तरी जागा आहे. वेडिंगहून यू-8 मेट्रोनं थेट क्रॉइत्सबर्गमधल्या कॉटबुसर टोर स्टेशनला उतरता येतं, आणि शुक्रवारी-शनिवारी मेट्रो रात्रभर चालते. पुलावर बसायला पुलाशेजारी घर लागत नाही.

आणि खरा आळस करायचा तर टेंपलहोफला जा. जुना विमानतळ आहे, 2008 मध्ये बंद झाला, 2010 पासून लोकांसाठी खुला. सुमारे 300 हेक्टर नुसतं मोकळं. धावपट्टीवर पोरं सायकली शिकतात, कुणी पतंग उडवतं, बायका चटया टाकून भाजी निवडतात. कडेला घरं बांधायचा बेत होता, 2014 च्या जनमतात लोकांनी नको म्हणून सांगितलं. घरांची एवढी टंचाई असताना मैदान मोकळं ठेवावं का यावर आमच्या ऑफिसात अजून वाद होतात. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत फिरायला जाणारी मी, त्यामुळं माझं मत तुला सांगायला नको.

भाषेचं एक राहिलं. ऑफिसात इंग्रजी चालेल, कॅफेतल्या पोरीही इंग्रजीच बोलतील, आणि याचाच इथल्या लोकांना राग आहे. आपल्या शहरात आपल्याच भाषेत कॉफी मागता येत नाही, असं म्हणणारे जर्मन भेटतील. घरी मराठी, कचेरीत कन्नड, पाट्यांवरून भांडण, यातून आलेल्या तुला तो राग लगेच कळेल. म्हणून जर्मन शीक. बायकोलाही लाव क्लास, तुझ्याआधी. घरमालकाची पत्रं जर्मनमध्येच येतात आणि ती कधीही चांगल्या बातमीची नसतात.

सामानात कुंदा घालू नकोस. दुधाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात बंदी आहे, माझा अर्धा किलो विमानतळावर माझ्या डोळ्यांदेखत टाकला गेला. घरचं तिखट आण, भरपूर आण. आणि विमान शनिवारी दुपारपर्यंत उतरेल असं तिकीट काढ, म्हणजे दुकानं बंद व्हायच्या आत दूध-पाव होईल. रविवारी जेवायला माझ्याकडं या, पण दीडच्या आधी बेल वाजवू नका.