लिस्बनला यायचं म्हणतेस, तर आधी घरी बस आणि बोल

पोर्तुगीज नागरिकत्वासाठी तुझ्या बाबांच्या जन्माची नोंद लिस्बनला झाली आहे, आता तुझीही करून घ्यावी का, इकडे आल्यावर काम आणि खोली मिळेल का, असं तू विचारलंस. बाबा बोटीवर, तू एकुलती एक, म्हणजे म्हापशाच्या घरात आई आणि आजी दोघीच राहणार. म्हणून शेवटी लिहिलंस, "ताई, आईबापाचा मान राख ही दहा आज्ञांतली चौथी आज्ञा मोडल्यासारखं होतं का? आणि तिकडे गेलेली मुलं चर्च सोडतात हे खरं का?" मला तुझ्या पत्रातले हेच दोन प्रश्न महत्त्वाचे वाटले. पण कागदांचं आधी सांगते, कारण त्यातली एक गोष्ट एकदा केली की सहज मागे घेता येत नाही.

१९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढीला पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क सांगता येतो, हे तुला माहीत आहे. तुझ्या बाबांचं झालं म्हणजे तुझा रस्ता बराच सोपा. अडचण येते ती नावांची. आजोबांच्या जन्मदाखल्यावर आडनावाचं एक स्पेलिंग, लग्नाच्या नोंदीवर दुसरं आणि तुझ्या शाळेच्या दाखल्यावर तिसरं, असं असेल तर ते आधी गोव्यातच दुरुस्त करून घे. आईबाबांच्या लग्नाची नोंदही पोर्तुगालमध्ये चढवावी लागते. एजंट लाखांत पैसे सांगतात. त्यांच्याकडे जायचंच असेल तर मूळ कागद हातातून सोडू नकोस.

आता ती गोष्ट. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगीज नागरिक झालीस की भारतीय नागरिकत्व जातं आणि भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठी असतं ते ओसीआय कार्ड काढून तू म्हापशाला येशील-जाशील, राहशील, पण मत देता येणार नाही आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही. आपल्याकडे वाड्यावरचा प्रत्येक दुसरा मुलगा "पोर्तुगीज करतोय" म्हणतो, पण हे वाक्य मात्र कुणी मोठ्याने उच्चारत नाही. तू ते घरात सगळ्यांसमोर उच्चार. आजीलाही कळू दे.

आणखी एक. तुझ्या मामेभावाने तुला सांगितलंय की पासपोर्ट हातात आला की सरळ इंग्लंडला जाता येईल. तसं आता राहिलेलं नाही. २०२० संपायच्या आत जे तिथे राहायला गेले होते त्यांना हक्क मिळाला, अर्जाची मुदतही ३० जून २०२१ ला संपली. आज पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला कामाला जायचं तर इतर परदेशी माणसांसारखाच व्हिसा लागतो. पोर्तुगाल, आयर्लंड आणि युरोपियन संघातले बाकीचे देश तुला मोकळे आहेत.

पैशाचं सरळ सांगते. २०२५ मध्ये इथला किमान पगार महिन्याला ८७० युरो होता. त्यातले ११ टक्के सामाजिक सुरक्षेला जातात, म्हणजे हातात पावणेआठशेच्या आसपास. वर्षाला चौदा पगार मिळतात, सुट्टीचा आणि नाताळचा एकेक जादा, हे चांगलं आहे. पण लिस्बनमध्ये एका खोलीलाच चारशे-पाचशे सहज मोजावे लागतात. मी ओदिवेलासला राहते, मेट्रोच्या पिवळ्या लाईनचं शेवटचं स्टेशन. ४० युरोंच्या मासिक पासावर शहर आणि आजूबाजूच्या सगळ्या नगरपालिकांत फिरता येतं, त्यामुळे थोडं लांब राहिलं तरी चालतं. पहिल्या आठवड्यात करक्रमांक काढ, मग सामाजिक सुरक्षेचा, मग आरोग्य केंद्रात नाव घाल. आणि भाषा पणजीतूनच शिकून ये, तिथे वर्ग आहेत. इथली माणसं बोलताना अर्धे स्वर गिळतात, त्यामुळे पुस्तकातलं पोर्तुगीज येत असलं तरी सुरुवातीला काहीच कळत नाही. भाषा नसेल तर हॉटेलच्या खोल्या आणि स्वयंपाकघरातली भांडी, एवढंच काम मिळतं. त्या कामात कमीपणा काही नाही, पण पाठ जाते.

मी वृद्धांच्या निवासात काम करते. हे काम तुलाही मिळेल, माणसं हवीच असतात. म्हणून त्याबद्दल थोडं जास्त लिहिते, शिवाय तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आमच्या घरी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, कशी व्हायची ते सांगते. साडेसात वाजले की बाबा टीव्ही बंद करायचे. आल्ताराकडे, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्याकडे, दिवा, आजूबाजूला अबोलीची फुलं, ती बहुतेक शेजारच्या काकूंच्या परसातली. बाबा सावंतवाडीकडचे, त्यामुळे घरात बोलणं मराठी. आई शिवोलीची, त्यामुळे प्रार्थना कोंकणीत. एखाद्या मुलाला डुलकी लागली की आईचं कोपर लागायचं. मे महिन्यात वाड्यावरच्या खुरसाकडे लदीन, म्हणजे सामूहिक प्रार्थना, नंतर सगळ्यांना उकडलेले चणे. ईस्टरनंतर मिलाग्रीस सायबिणीचं, म्हणजे म्हापशाच्या मारियेचं, फेस्त, तेव्हा शेजारच्या काकू आमच्याआधी तेल घेऊन तयार, कारण त्यांच्यासाठी ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण. मी कधी ठरवून प्रार्थनेला बसले नाही. घर बसायचं, म्हणून मी बसायचे. रविवारी चर्चमधली मिस्सा चुकली तर पाव विकणारा पोदेरसुद्धा विचारायचा, बरं नाही का म्हणून.

इथे तुला कुणी विचारणार नाही. महिनाभर चर्चमध्ये गेली नाहीस तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. आपण म्हणतो पोर्तुगाल म्हणजे ख्रिस्ती देश, तिथूनच तर सगळं आलं. देश तसा आहे. ८ डिसेंबरला पणजीला फेस्त असतं, त्या दिवशी इथे देशभर सुट्टी असते. पण आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी मिस्सेला गेलीस तर बाकांवर आजीच्या वयाच्या बायका आणि तू. माझ्याबरोबर काम करणाऱ्या तुझ्या वयाच्या मुलींना बाप्तिस्मा मिळालेला आहे, त्यापलीकडे त्यांचा चर्चशी संबंध नाही. त्या वाईट नाहीत. खूप प्रेमळ आहेत, आणि त्यांचे प्रश्न खरे असतात. "तू हे खरंच मानतेस की आईला बरं वाटावं म्हणून करतेस?" असं एकीने मला कपड्यांच्या घड्या घालताना विचारलं होतं. म्हापशाला हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी तिला म्हटलं, मानते. आणि घरी येताना मेट्रोत स्वतःलाच परत विचारलं, तेव्हाही उत्तर तेच आलं. माझी श्रद्धा माझी झाली ती त्याच काळात. म्हणून मुलं चर्च सोडतात का, तर हो, बरीच सोडतात, आणि त्यात देवावर राग वगैरे काही नसतो. रविवारी कामाची पाळी असते, सोमवारी झोप हवी असते, भाषा कळत नाही, आणि सवय सुटते.

यावर उपाय आहेत, ते आधीपासून माहीत असू देत. वेळापत्रक लागायच्या आधीच वरिष्ठांना सांग की रविवार नाही तर शनिवारची संध्याकाळ मोकळी द्या. शनिवार संध्याकाळची मिस्सा रविवारचीच मिस्सा असते. कुमसाराला, म्हणजे पाद्रीपुढे पापांची कबुली द्यायला, भाषेची अडचण वाटेल. इंग्रजी येणारे पाद्री शहरात आहेत, शोधायला लाजू नकोस. एकच चर्च धर आणि तिथेच जात राहा, म्हणजे दोन-चार चेहरे तुला ओळखू लागतील. आणि एकदा तरी लिस्बनच्या कॅथेड्रलजवळच्या सांत आंतोनीच्या, म्हणजे संत अँथनीच्या, चर्चमध्ये जा. तो संत इथलाच, लिस्बनमध्ये जन्मलेला. शिवोलीच्या चर्चमध्ये आई लहानपणी ज्याच्यापुढे मेणबत्ती लावायची, त्याच्या जन्मस्थळी मी उभी राहिले आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. आई काही बोललीच नाही, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

आता निवासातलं. आमच्याकडे एक आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या. संध्याकाळी साडेसहाला फातिमाच्या तीर्थस्थानाहून रेडिओवर रोझरी लागते. त्यांना माळ धरायची असते, पण बोटं थरथरतात आणि मणी निसटतो. मग त्या पहिल्यापासून सुरू करतात, रेडिओ पुढे जातो, आणि त्यांना रडू येतं. मी शेजारी खुर्ची ओढून त्यांच्या बोटांवर माझी बोटं ठेवते आणि एकेक मणी दोघी मिळून सरकवतो. त्या पोर्तुगीजमध्ये, मी मनात आपलं कोंकणी "नमान मोरिये". हे माझ्या कामाच्या यादीत नाही. पण माझा संध्याकाळचा तो वेळ कुणी हिरावून घेऊ नये असं मला वाटतं.

आणि तिथे बसलेली असताना मला माझी आई आठवते, हेही लिहायलाच हवं. मी दुसऱ्याच्या आईचं अंग पुसते, औषध देते, आणि माझ्या आईला गुडघ्याचं दुखणं घेऊन रिक्षाने एकटीला डॉक्टरकडे जावं लागतं. तू चौथ्या आज्ञेचं विचारलंस ना, त्याला माझं उत्तर असं: घर सोडणं म्हणजे आज्ञा मोडणं नव्हे. तुझे बाबाही तुमच्यासाठीच आयुष्यभर बोटीवर राहिले, त्यांनी आजीचा मान राखला नाही असं तू म्हणशील का? पण नुसते पैसे पाठवले की मान राखला, हेही मला पटत नाही. मान राखायचा तर आईच्या रोजच्या जगण्यात आपण कुठे आहोत ते ठरवावं लागतं. आमच्या घरी ते असं ठरलं. इथे हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेचार. म्हणजे म्हापशाला रोझरी सुरू होते तेव्हा इथे दुपारचे दोन किंवा तीन. पाळी सकाळची असेल त्या दिवशी मी फोन लावते आणि एक दहाका, म्हणजे दहा मण्यांचा भाग, मी सांगते. बाकी गप्पा नंतर. डॉक्टरकडे जायचा दिवस मला आधी कळलाच पाहिजे, हा नियम. सोबत कोण जाणार ते मी फोनवर ठरवते. घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे. आणि वर्षातून एकदा घरी जाणं असेल तर ते लग्नासाठी नाही, आई म्हणेल तेव्हा.

तुझ्या घरी यातलं काय जमेल ते तूच बघ. आजी आहेत, त्यांना रात्री काही झालं तर कुणाला हाक मारायची, हे निघायच्या आधी नावानिशी ठरलेलं हवं. घराच्या कागदांचंही बघ. आपल्याकडच्या कायद्याने घर विकायचं तर त्यातल्या सगळ्या हक्कदारांच्या सह्या लागतात, आणि बाबा बोटीवर, तू इथे, अशा वेळी आईच्या हातात काहीच राहत नाही. मुखत्यारपत्र करून ये.

जाताना आई चौरीस, आपले मांसाचे सॉसेज, बांधून देईल. घेऊ नकोस. बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपियन संघात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतील आणि तिला कळलं तर जीव तुटेल. आमसुलं, तिरफळं, मसाला आण. मासे इथे उत्तम मिळतात, कढीला आमसूल मात्र आपल्याकडचंच हवं.

पहिला नाताळ जड जातो. २४ च्या रात्री इथे घरोघर उकडलेला बाकल्याव, म्हणजे खारवलेला कॉड मासा, आणि बटाटे, मग दारं बंद. नेवऱ्या, दोदोल ताटात भरून शेजारी देणं नाही, दिवाळीच्या फराळाची परतफेड नाही. त्या रात्री एकटी राहू नकोस. पाळी मागून घे, किंवा माझ्याकडे ये.

माझं मत विचारशील तर नोंद करायला घाई करू नकोस. तेवीस हे काही उशिराचं वय नाही. बाबा पुढच्या सुट्टीला उतरले की चौघं एकत्र बसा, आणि पासपोर्टचं, आजीच्या रात्रीचं, किल्लीचं, सगळं त्या एकाच बैठकीत बोला. आईने "जा" म्हटलं तरी एकदा परत विचार, कारण आया पहिल्यांदा तेच म्हणतात. मग यायचं ठरलं तर आईचा नंबर मला पाठव, मी स्वतः तिच्याशी बोलेन. खोली मिळेपर्यंत माझ्याकडे राहा. गादी आहे.