सायकसचे झाड आणि घरातले पिल्लू

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या फाटकाशी सायकसची दोन जुनी झाडे जमिनीत लावलेली आहेत. यंदा त्यांपैकी एकाच्या मधोमध, तपकिरी लव असलेल्या पानांच्या गुच्छात, नारिंगी रंगाची फळे धरली आहेत. नुकतेच आम्ही लॅब्राडोरचे चार महिन्यांचे पिल्लू आणले असून ते दिसेल ती वस्तू तोंडात घालते. हे झाड कुत्र्यांना विषारी असते, असे आमचे माळीकाका म्हणतात. रोपवाटिकेत मात्र ‘हा पामच आहे, काही होत नाही’ असे सांगण्यात आले. खरे काय समजावे? झाडे काढून टाकावीत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या माळीकाकांचे म्हणणे खरे आहे. सायकस कुत्र्यांसाठी अत्यंत विषारी असून त्याच्या सेवनाने कुत्रे दगावू शकते. म्हणून झाडांचे काय करायचे हे ठरेपर्यंत थांबू नका. हातमोजे घालून ती सगळी फळे आजच काढा, खाली पडलेलीही वेचा आणि पिल्लाला त्या बाजूला मोकळे सोडू नका.

रोपवाटिकेतील समजूत बरीच रूढ आहे. झावळ्यांसारख्या पानांमुळे सायकसला सर्रास पाम म्हटले जाते. प्रत्यक्षात ही मूळची दक्षिण जपानमधील अनावृतबीजी, म्हणजे जिच्या बिया फळात झाकलेल्या नसतात अशी, वनस्पती असून तिचे नाते नारळ-पोफळीपेक्षा पाइन वृक्षाशी अधिक जवळचे आहे. घरोघरी कुंडीत दिसणारा अरेका पाम कुत्र्यांना विषारी नाही, पण त्याच्यावरून सायकसचा अंदाज बांधणे धोक्याचे ठरते.

सायकसची पाने, खोड, मुळे, बुंध्यालगत फुटणारे कंद असे सर्वच भाग विषारी असतात. त्यातही बिया सर्वाधिक घातक. एक-दोन बियाही कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. आपण ज्यांना फळे म्हणता त्या खरे तर मांसल आवरणाच्या बियाच आहेत आणि त्या फक्त मादी झाडाला धरतात. दुसरे झाड नर असले, तरी त्यामुळे ते निर्धोक ठरत नाही, हे ध्यानात ठेवावे. सायकसमधील मुख्य विषाचे नाव सायकॅसिन. आतड्यातील जिवाणू त्याचे विघटन करतात, तेव्हा त्यातून जो घटक मोकळा होतो तो यकृताच्या पेशी नष्ट करतो.

या विषबाधेतील सर्वांत फसवा भाग तिच्या क्रमात आहे, आणि तो प्रत्येक श्वानपालकाला ठाऊक असावा असे मला कळकळीने वाटते. खाल्ल्यानंतर काही मिनिटांपासून काही तासांत उलट्या सुरू होतात, लाळ गळते, जुलाब होतात, कुत्रे मलूल होते. त्यानंतर पुष्कळदा उलट्या थांबतात, कुत्रे थोडेफार खाऊपिऊ लागते आणि घरातील मंडळी निर्धास्त होतात. पण यकृताची हानी याच काळात आतून वाढत असते. दोन-तीन दिवसांनी डोळे आणि हिरड्या पिवळ्या दिसू लागतात, रक्त गोठण्याची क्रिया बिघडल्याने शौचातून रक्त जाते किंवा अंगावर काळेनिळे डाग उमटतात, काही कुत्र्यांना झटकेही येतात. तोवर उपचारांची सर्वांत मोलाची वेळ निघून गेलेली असते.

म्हणून पिल्लाने बी किंवा पान चावल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट न पाहता त्याला तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे आणि सोबत झाडाचा तुकडा किंवा छायाचित्र घ्यावे. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, कारण मिठाचीच विषबाधा होऊ शकते. दूध पाजल्याने हे विष उतरत नाही. या विषावर नेमका उतारा उपलब्ध नाही. वेळेत पोहोचल्यास पशुवैद्यक औषधाने उलटी करवून पोट रिकामे करतात, विष शोषून घेणारा औषधी कोळसा देतात, सलाईन लावतात आणि यकृताला आधार देणारी औषधे सुरू करतात. यकृताच्या आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या पुढचे दोन-तीन दिवस पुनःपुन्हा कराव्या लागतात. पहिला अहवाल चांगला आला म्हणून त्या टाळू नयेत.

आता झाडांविषयी. जुनी, डौलदार झाडे काढणे जिवावर येते, हे मी समजू शकतो. तरीही पिल्लू फाटकाशी मोकळे वावरणार असेल तर ती काढावीत, असेच माझे स्पष्ट मत आहे. ते शक्य नसेल, तर कुत्र्याला उकरून किंवा उडी मारून ओलांडता येणार नाही असे पक्के कुंपण दोन्ही झाडांभोवती घालावे आणि मादी झाडाच्या मधला गुच्छ दरवर्षी बी धरण्याआधीच कापून टाकावा. झाडे काढलीत, तर मुळांचे आणि कंदांचे तुकडे मातीत राहू देऊ नका, कारण ताजी उकरलेली माती हुंगून पिल्लू नेमके तिथेच उकरते. कापलेल्या झावळ्या रस्त्याकडेला टाकल्यास भटकी कुत्री त्या चघळू शकतात. त्या पोत्यात बांधून कचरागाडीतच द्याव्यात. रिकाम्या जागी अरेका पाम लावता येईल, मात्र तेथे कण्हेर किंवा बिट्टी लावू नये. या दोन्ही सदाहरित झाडांचे विष थेट हृदयावर परिणाम करते.