कोळ्याचे शुक्राणू कीटकांसारखेच असतात का?

नाही, दोन्ही गटांचे शुक्राणू रचनेत स्पष्टपणे वेगळे असतात आणि म्हणूनच उत्क्रांतीचे अभ्यासक नातेसंबंध शोधताना त्यांचा पुरावा म्हणून उपयोग करतात. गोव्यातील महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवताना हाच फरक मी आकृती काढून दाखवतो: शुक्राणूच्या शेपटीचा आडवा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, की बहुतेक प्राण्यांत सूक्ष्मनलिकांच्या (पेशीतील अतिसूक्ष्म नळ्यांच्या) 9 जोड्यांच्या कड्यात मधोमध 2 नलिका दिसतात, बहुतेक कोळ्यांत 3 दिसतात, तर अनेक कीटकांत मध्ये 2 असूनही बाहेरून आणखी 9 नलिकांचे कडे असते. आपल्या कुळागरात पोफळींमध्ये मोठे जाळे विणणाऱ्या कोळ्याचा इवलासा नर प्रथम शुक्राणूंचा थेंब एका छोट्या जाळ्यावर सोडतो आणि मग तो तोंडाजवळच्या स्पर्शपादांत, म्हणजे पायांसारख्या छोट्या अवयवांत, शोषून घेतो. त्या थेंबातील शुक्राणू शेपूट गुंडाळून आवरणात बंद असतात व मादीच्या शरीरात पोहोचल्यावरच मोकळे होतात. हे आवरण प्रत्येकाचे स्वतंत्र की अनेकांचे मिळून एक, यावरूनही कोळ्यांच्या कुळांची तुलना होते. कीटकांत मात्र लांबीची कमाल पाहावी: ड्रोसोफिला बायफर्का या मिलिमीटरांत मोजाव्या लागणाऱ्या माशीचा शुक्राणू सुमारे 5.8 सेंटीमीटर भरतो! तथापि, केवळ या लक्षणांवरून वंशावळ ठरवू नये, कारण मादीच्या शुक्राणू-साठवणीच्या अवयवाबरोबर शुक्राणूही झपाट्याने बदलतात आणि दूरच्या गटांतही सारखी रचना स्वतंत्रपणे उद्भवू शकते. डीएनएची जोड लागतेच.