टॅबवर बोलायला कसं शिकवायचं?

प्रश्न: मुलगा ८ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बोलत नाही. थेरपिस्टनी टॅबमध्ये जेलो अ‍ॅप (चित्रं दाबली की त्याच्या वतीने बोलणारं) टाकून दिलंय. रोज समोर बसवून 'सफरचंद दाखव, पाणी दाखव' करतो तर टॅब ढकलतो, नाहीतर एकच बटण बडवत बसतो. सासूबाई म्हणतात, याची सवय लागली तर पोरगं तोंडच उघडणार नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, आधी सासूबाईंचं बघू, कारण ते तुम्हाला रोज ऐकावं लागत असणार. २००६ मध्ये यावरच्या अभ्यासांचा एक आढावा आला होता, त्यात नीट नोंदी असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं अशा साधनांमुळे कमी झालेलं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच. बोलेलच अशी गॅरंटी नाही हं, पण नुकसान नाही एवढं बिनधास्त सांगा.

आता 'दाखव दाखव' बंद. ती रोजची तोंडी परीक्षा झाली, ढकलणारच तो. टॅबवर आधी तुम्ही बोलायचं. जेलोमध्ये मधे चित्रं असतात आणि कडेला आवडतं, हो, अजून आणि त्यांची उलटी बटणं, तर जेवताना तुम्हीच पोळीचं चित्र दाबा, मग कडेचं 'अजून' दाबा, अ‍ॅप पूर्ण वाक्य बोलेल, आणि पोळी वाढून मोकळ्या व्हा, त्याने दाबायची वाट बघू नका आणि त्याचा हात धरून तर अजिबात दाबायला लावू नका. बाळाशी आपण वर्षभर एकटेच बडबडतो, तसंच हे. महिनोन् महिने लागू शकतात.

एकच बटण बडवतो ते बडवू दे, आवाज करून बघतोय. तुम्ही मात्र तो काहीतरी म्हणतोय असं धरून वागा, 'बिस्किट' दाबलं तर एक द्या, पाचव्यांदा 'संपलं' सांगा. आणि 'नको' दाबलं की शक्य तिथे खरंच थांबा, नाहीतर त्या बटणाला काय अर्थ राहिला? दंगा केला म्हणून टॅब काढून घ्यायचा नाही. त्याच टॅबवर यूट्यूब असेल तर ते आजच उडवा, भांडणं निम्मी कमी होतील (आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत हेच असतं).

चार्जिंगला किंवा आंघोळीला टॅब नसतो तेव्हासाठी मुख्य पानाचा स्क्रीनशॉट प्रिंट करून लॅमिनेट करा, एक बाथरूममध्ये, एक आजीकडे.