उघड्यावरच्या हॉकीचं तिकीट: घाई कुठे करायची आणि कुठे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहता, मुलगा शाळेच्या टीममधून आइस हॉकी खेळतो, आणि पुढच्या हिवाळ्यात त्याला एनएचएलचा, म्हणजे तिथल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचा, विंटर क्लासिक किंवा स्टेडियम सिरीजचा सामना उघड्या मैदानात दाखवायचाय. तेव्हा नाशिकहून आई-बाबाही आलेले असतील, म्हणजे पाच तिकिटं एकत्र हवीत. रिसेलच्या साइटवरचे आकडे बघून डोळे पांढरे झालेत आणि महाग पडली तरी आत्ताच घेऊन टाकावीत का, असं विचारताय.

आत्ता अजिबात घेऊ नका. सर्वसामान्यांसाठी विक्री सुरू व्हायच्या आधी रिसेलवर जे काही दिसतं, त्यातलं बरंचसं विकणाऱ्याच्या हातात अजून आलेलंच नसतं. 'अमुक सेक्शन, रांग नंतर कळवू' असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, हा माणूस आज तुमच्याकडून पैसे घेणार आणि उद्या स्वस्तात तिकीट मिळवून तुम्हाला देणार. नाहीच मिळालं तर पैसे परत करून मोकळा होणार. पैसे परत येतात हो, पण तोवर तुमची विमानाची आणि हॉटेलची बुकिंग झालेली असते. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबावर सामन्याच्या आदल्या आठवड्यात हीच वेळ आली होती.

या सामन्यांबद्दल एक समजूत पक्की बसलीय की तिकीटच मिळत नाही. खरं तर तिकिटं भरपूर असतात. नीट दिसेल अशी जागा मात्र थोडी असते आणि ती कुठली हे फार कमी लोकांना माहीत असतं. म्हणून आधी मैदान कुठलं ते बघा, मग जागा ठरवा आणि किंमत सगळ्यात शेवटी.

मैदानाचा फरक किती मोठा आहे बघा. पहिला विंटर क्लासिक १ जानेवारी २००८ ला बफेलोच्या अमेरिकन फुटबॉल स्टेडियममध्ये झाला, तेव्हा ७१,२१७ लोक होते. २०१४ ला अॅन आर्बरच्या मिशिगन स्टेडियमवर डेट्रॉइट आणि टोरांटो खेळले तेव्हा १,०५,४९१. मार्च २०२५ मध्ये कोलंबसच्या ओहायो स्टेडियमवर ९४,७५१. आता बेसबॉलची जुनी मैदानं घ्या. २००९ ला शिकागोच्या रिग्ली फील्डवर ४०,८१८ आणि २०१० ला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर ३८,११२. लाखभर खुर्च्यांच्या मैदानात शेवटच्या आठवड्यात विकणाऱ्यांची धांदल उडते आणि भाव खाली येतात. फेनवे-रिग्लीसारख्या ठिकाणी मैदान छोटं, त्यात मैदानाचीच पुण्याई मोठी, त्यामुळे तिथे थांबून फारसा फायदा होत नाही. सामना फुटबॉल स्टेडियमवर असेल आणि तुम्ही गाडीने जाऊ शकत असाल, तर खुशाल थांबा. फेब्रुवारी २०२४ मध्ये तुमच्याच मेटलाइफ स्टेडियमवर लागोपाठ दोन दिवस दोन सामने झाले होते. असं घराजवळ काही आलं तर शेवटच्या दोन-तीन दिवसांपर्यंत कळ काढता येते. विमानाने जाणार असाल तर मात्र अधिकृत विक्रीच्या दिवशीच घ्या. तिकिटावर वाचलेले डॉलर विमानाच्या वाढलेल्या भाड्यात निघून जातात.

अधिकृत विक्रीचा क्रम साधारण ठरलेला आहे. आधी यजमान क्लबचे सीझन तिकीटवाले, मग क्लबच्या आणि लीगच्या यादीत नाव नोंदवलेल्यांची प्रीसेल, त्याच सुमारास प्रायोजकांची, आणि मग सर्वांसाठी खुली विक्री. पाहुण्या संघाच्या सीझन तिकीटवाल्यांनाही बऱ्याचदा वाटा मिळतो. सामना जाहीर झाला की त्याच दिवशी दोन्ही क्लबांच्या आणि एनएचएलच्या ईमेल यादीत नाव घाला. पैसे लागत नाहीत आणि प्रीसेलचा कोड तिथूनच येतो. त्या काळात काही क्लब 'पुढच्या मोसमाचं पॅकेज घ्या, या सामन्याला प्राधान्य मिळेल' अशी गळ घालतात. वर्षभर त्या संघाचे सामने बघायला जाणार नसाल तर या भानगडीत पडू नका.

प्रीसेलच्या दिवशी खात्यात आधीच लॉगिन करून ठेवा, कार्ड भरून ठेवा आणि एकाच ब्राउझरमधून रांगेत थांबा. नकाशा उघडला की त्यात साध्या जागांमध्येच 'प्लॅटिनम' अशा खुणेच्या जागा मिसळलेल्या दिसतील. नावाला भुलू नका. ती जागा काही खास नसते, मागणीप्रमाणे किंमत चढवलेलं ते साधंच तिकीट असतं. फिल्टरमधून ती काढून टाका आणि मग बघा. अमेरिकेत मे २०२५ पासून तिकिटाची किंमत सगळे चार्ज धरूनच दाखवावी लागते, त्यामुळे शेवटच्या पानावर आकडा फुगायचा प्रकार आता थांबायला हवा. सामना कॅनडात असेल तर भाव कॅनेडियन डॉलरमधला आहे ना, हे मात्र तपासा.

आता जागेकडे येतो, कारण लोकांचे पैसे सगळ्यात जास्त इथेच वाया जातात.

एनएचएलची रिंक, म्हणजे बर्फाचं मैदान, २०० फूट लांब, ८५ फूट रुंद. भोवती साडेतीन फूट उंचीचे बोर्ड आणि त्यावर काच. बंदिस्त अरीनात पहिली रांग त्या काचेला लागूनच असते, म्हणून ती सगळ्यात महाग. अमेरिकन फुटबॉलचं मैदान मात्र एंड झोन धरून ३६० फूट लांब आणि १६० फूट रुंद असतं. मधोमध रिंक टाकली की दोन्ही टोकांना ऐंशी-ऐंशी फूट आणि दोन्ही बाजूंना सदतीसेक फूट मोकळी जागा उरते, आणि त्यापलीकडे बाजूची पट्टी सोडून मग प्रेक्षक. म्हणजे पहिल्या रांगेतला माणूस बर्फापासून लांब असतो आणि जवळजवळ बर्फाच्याच पातळीवर बसलेला असतो. समोरचा बोर्ड आड येतो, त्यामुळे अलीकडच्या बाजूचा बर्फाचा पट्टा दिसतच नाही. पक, म्हणजे चेंडूऐवजी वापरतात ती रबरी चकती, इनमीन तीन इंच रुंद आणि एक इंच जाड. शिवाय मधल्या मोकळ्या जागेत कॅमेरेवाले, सुरक्षारक्षक आणि गाण्याच्या कार्यक्रमाचं स्टेज. तरीही या रांगा महाग विकल्या जातात, कारण नकाशावर त्या जवळ दिसतात.

म्हणून पहिल्या पंधरा-वीस रांगा सरळ सोडा. खालच्या मजल्याचा वरचा अर्धा भाग किंवा मधला मजला, रिंकच्या लांब बाजूला, ही सर्वांत चांगली जागा. तेवढं बजेट नसेल तर वरचा मजला घ्या, पण बाजूचाच. वानखेडेवर वरच्या स्टँडमधून फील्डिंगची अख्खी रचना दिसते, तसंच इथेही आहे. अॅन आर्बरला मी बराच वर बसलो होतो. सामनाभर बर्फ पडत होता आणि खेळ थांबला की माणसं फावडी घेऊन रिंकवर धावायची. वरून स्पष्ट दिसत होतं की साचलेल्या बर्फात लांबचा पास अर्ध्यातच मंदावतोय, आणि त्यामुळे दोन्ही संघ हळूहळू छोट्या पासवर आले. बचावपटू पक घेऊन वळायच्या आत पुढचे दोघे कुठे सरकतात, बदली खेळाडू कधी कुंपणावरून उडी मारतात, हे सगळं तिथून कळत होतं. तुमचा मुलगा खेळणारा आहे, त्याला हे बघायला फार आवडेल. गोलमागच्या जागा फुटबॉल स्टेडियमात मी घेत नाही. जवळचा गोल लांब आणि पलीकडचा तर टीव्हीवरच बघावा लागतो. कोपऱ्यातल्या जागा मात्र चालतात आणि बऱ्यापैकी स्वस्त मिळतात.

बेसबॉलच्या मैदानाचं गणित वेगळं. तिथे रिंक कशी टाकलीय त्यावर सगळं अवलंबून. त्यामुळे त्याच सामन्यासाठी काढलेला नकाशा बघितल्याशिवाय पैसे भरू नका, बेसबॉलचा नेहमीचा नकाशा उपयोगाचा नाही. आऊटफिल्डच्या जागा बहुतेक वेळा लांब पडतात. फेनवे १९१२ चं आणि रिग्ली १९१४ चं बांधकाम. दोन्हीकडे छताला आधार देणारे खांब आहेत आणि ते मागच्या रांगांच्या ऐन नजरेत येतात. तिकिटावर दृष्टीला अडथळा असल्याची सूचना असेल तर ती गांभीर्याने घ्या. बेसबॉलमध्ये खांब एक वेळ चालून जातो, पण हॉकीत पक क्षणात इकडून तिकडे जातो, इथे खांब म्हणजे अर्धा खेळ गेला.

पाच जागा एका रांगेत हव्यातच, हा हट्ट सोडा. रिसेलवर दोन-दोनच्या जोड्या भरपूर असतात, पाच सलग क्वचित. एका रांगेत तीन आणि बरोबर मागच्या रांगेत दोन असं शोधा. गप्पा मारता येतात, डबा मागेपुढे देता येतो आणि किंमतही कमी पडते.

आई-बाबांबद्दल थोडं स्पष्टच लिहितो. २००३ मध्ये एडमंटनला पहिला हेरिटेज क्लासिक, म्हणजे एनएचएलचाच कॅनडातला उघड्यावरचा सामना, झाला तेव्हा उणे १८ अंशांच्या आसपास थंडी होती आणि माँट्रियलचा गोलरक्षक जोझे थिओडोर मास्कवर लोकरी टोपी चढवून खेळला. मिनियापोलिसला २०२२ मध्ये तर जवळपास उणे २१. अशा ठिकाणी सत्तरीच्या माणसांना तीन-चार तास बसवणं मला पटत नाही, ते कितीही हौसेने 'आम्हाला काही होत नाही' म्हणाले तरी. त्यांना न्यायचंच असेल तर गाव बघून सामना निवडा. हेरिटेज क्लासिक कधीकधी ऑक्टोबरात होतो, २०२३ चा एडमंटनचा २९ ऑक्टोबरला होता. हल्ली लीग दक्षिणेकडेही जाते. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरात २०२३ मध्ये सामना झाला आणि जानेवारी २०२६ चा विंटर क्लासिक तर मायामीत. शिवाय मिशिगन-ओहायोसारख्या कॉलेज स्टेडियमांत बहुतेक ठिकाणी धातूचे किंवा तसलेच लांब बाक असतात, पाठ टेकायला काही नाही. जाड कोट घातलेली माणसं आपल्या आखलेल्या जागेत मावत नाहीत, दोन्हीकडून रेटारेटी होते. बाक इतका गार असतो की फोमची गादी न्यायलाच हवी. आई-बाबांसाठी खुर्ची असलेला सेक्शन आणि प्रवेशद्वारापासून कमीत कमी पायऱ्या, हे किमतीआधी बघा. सगळ्यांच्याच पायांखाली एकेक पुठ्ठा ठेवा. काँक्रीटची थंडी बुटातून वर येते आणि पुठ्ठ्याने ती खूप अडते.

तिकीट आता फोनमध्येच असतं आणि बारकोड सतत बदलत राहतो. त्यामुळे कोणी स्क्रीनशॉट पाठवून 'हे घ्या तिकीट' म्हणाला तर ते गेटवर चालणार नाही. अधिकृत अॅपमधून तुमच्या खात्यावर ट्रान्सफर झालं आणि तुम्ही ते स्वीकारलं, तरच पैसे द्या. ओळखीतल्या व्यवहारातसुद्धा. आणखी एक, कडाक्याच्या थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते. पार्किंगपासून गेटपर्यंतच्या रांगेत फोन बाहेर काढून फोटो काढत बसलं, की ऐन दारात पडदा काळा. फोन आतल्या खिशात अंगाशी ठेवा, तिकिटं फोनमधल्या वॉलेट अॅपमध्ये घालून ठेवा आणि पाचही तिकिटं एकाच फोनवर ठेवू नका. निदान दोन तरी बायकोच्या फोनवर पाठवा.

परतीचं विमान त्याच रात्रीचं घेऊ नका. २०११ ला पिट्सबर्गमध्ये पावसामुळे दुपारी एकचा सामना रात्री आठवर गेला. २०१२ ला फिलाडेल्फियात उन्हाची तिरीप बर्फावर येते म्हणून दुपारी एकचा तीन वाजता सुरू झाला. ऊन हा पावसाइतकाच शत्रू आहे, कारण त्याने बर्फ मऊ पडतो. सामना पुढे ढकलला तर तेच तिकीट नव्या वेळेला चालतं, पण तुमचं विमान काही थांबणार नाही. गाडीने जाणार असाल तर पार्किंगचा पासही तिकिटाबरोबरच काढा. फेब्रुवारी २०२० मध्ये कोलोराडो स्प्रिंग्जला हवाई दलाच्या अकादमीच्या स्टेडियमवर सामना होता, तेव्हा असंख्य लोक तासन्‌तास वाहतुकीत अडकले आणि कित्येकांचा सुरुवातीचा खेळ गेला. तिकीट हातात असून.

मोठ्या सामन्याचं बजेट जमलंच नाही तर त्याच रिंकवरचे कॉलेजचे सामने बघा. ३१ डिसेंबर २०२४ ला रिग्लीवर विंटर क्लासिक झाल्यावर तीच रिंक ठेवून जानेवारी २०२५ मध्ये बिग टेन या कॉलेज-गटातल्या संघांचे सामने झाले, मुलींचा सामनाही होता. फेनवेवरही असे सामने अनेकदा झालेत. तेच मैदान, तोच बर्फ, आणि गर्दी कमी असल्याने चांगली जागा मिळायची शक्यता जास्त. या सगळ्या उघड्यावरच्या हॉकीची आजची लाट कॉलेजांनीच आणली. ऑक्टोबर २००१ मध्ये मिशिगन स्टेट आणि मिशिगन या दोन विद्यापीठांचे संघ फुटबॉलच्या स्टेडियममध्ये ७४ हजारांहून जास्त लोकांसमोर खेळले आणि ३-३ असे बरोबरीत सुटले, तेव्हा विंटर क्लासिकचा पत्ताही नव्हता. तुमच्या मुलाच्या वयाला कॉलेज हॉकी बघणं मला तर जास्त मोलाचं वाटतं. चार-पाच वर्षांनी त्याला जिथे खेळावंसं वाटेल, तिथलीच पोरं समोर असतात.

मुलाच्या टीमच्या मॅनेजरला ग्रुप तिकिटांबद्दल विचारून ठेवा, युथ हॉकीवाल्यांसाठी वेगळा कोटा कधीकधी निघतो. आणि सामना ठरला की मैदान, सेक्शन आणि रांग मला कळवा. पैसे भरायच्या आधी नकाशावर बघून सांगतो.